मावशीच्या पाच फिती

डिचोलीच्या आमच्या घरात जेवायला बसल्यावर कोण काय बोलतं याकडं अण्णांचं बारीक लक्ष असे. शाळेतून धावत आलेली मी दारातूनच "हांव आयलें" म्हणून ओरडले, की घास हातातच धरून ते म्हणत, "मी आले." मी म्हणे, "मी आले." मग तो घास तोंडात जाई. रागावणं त्यात नसायचं. रस्त्यात पडलेली वस्तू उचलून ज्याची त्याला द्यावी, तसं ते माझं वाक्य उचलून, झटकून मला परत देत. माझे वडील मराठी शाळेत मास्तर होते. पोर्तुगिजांच्या राज्यात देवळाच्या अग्रशाळेत, गुरुजींना घरोघरचे तांदूळ देऊन चालवलेल्या शाळेत ते मराठी शिकले, आणि मिसरूड फुटायच्या आत तिथंच शिकवायला बसले. कीर्तन, नाटक, पोथी, पत्र, जे काही चांगलं म्हणून त्यांनी आयुष्यात पाहिलं ते सगळं त्या भाषेतून त्यांच्याकडं आलं होतं. ती पोरांच्या तोंडून सांडू नये एवढंच त्यांना वाटे. हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त भूक लागलेली असायची.

आईला मात्र त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. ती मुळगावची. लग्न होऊन डिचोलीत आली तरी तिचं बोलणं मुळगावचंच राहिलं. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की ती परडीत कढत उंडे घेई, आणि आदल्या रात्रीचं अळसाण्याचं तोंडाक, चवळीसारख्या दाण्यांची आमटी, चुलीवर पुन्हा खदखदू लागे. दुपारी उकडा भात, बांगड्याचं हुमण, सुक्या सुंगटांचं किसमूर. स्वयंपाकघरात मी आईशी तिच्यासारखं बोलत असे, आणि ताटं घेऊन बाहेरच्या खोलीत गेले की अण्णांसारखं. यात काही विशेष आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं. गावातल्या बहुतेक घरांत असंच होतं.

बुधवारच्या बाजाराला मुळगावहून रुक्मिणमावशी यायची. ही आईची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. नवऱ्याच्या वाट्याचं शेत दिरांच्या घशात जाऊ न देता तिनं एकटीनं कसलं. तांबडी भाजी, मुळे, वालीच्या शेंगा विकून झाल्या की रिकामी पाटी डोक्यावर घेऊन ती आमच्याकडं येई. अण्णा तिला मान देऊन बाहेर कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसायला सांगत. ती "बसतां, बसतां" म्हणत थेट स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसे आणि बोलायला लागे. बोलायला लागे म्हणजे काय, हे ज्यांनी तिला ऐकलं नाही त्यांना सांगणं कठीण आहे. बाजारात भाव पाडणारी बाई, बसचा कंडक्टर, शेजाऱ्याची अडेल म्हैस, सगळी तिच्या तोंडून बोलत. आवाज जाडसर, थोडा घोगरा. आणि हसू यायच्या आधी ती एक श्वास आत ओढी. त्या श्वासालाच आम्ही हसायला सुरुवात करत असू. आई एरवी फार हसणारी बाई नव्हती. बुधवारी ती पदर तोंडाला लावून हसे.

मला सिनेमाचं शिक्षण घ्यायला पुण्याला पाठवलं ते अण्णांनी. नातेवाईक नाकं मुरडत होते, तेव्हा त्यांनी ठामपणे सांगितलं की मुलगी हुशार आहे, तिला जे करायचं ते ती करील. पुण्यात पहिल्याच आठवड्यात वसतिगृहाच्या जेवणघरात मी वाढणाऱ्या बाईंना चुकून म्हणून गेले, "म्हाका भात नाका." शेजारच्या मुली हसल्या. वाईट नव्हत्या त्या. नंतर मैत्रिणीही झाल्या. पण महिनाभर त्या मला "म्हाका-नाका" म्हणत. त्यानंतर मी काळजी घेतली. दुसऱ्या वर्षी मी कुठली हे कुणाला ओळखू येईना, आणि मला त्याचा अभिमान वाटे. हे इथं लिहून ठेवते, कारण पुढं जे झालं त्याचं सगळं खापर मी बरीच वर्षं दुसऱ्यांवर फोडत आले.

शिक्षण संपवून मी परत आले ती एका वर्गमित्राचा सोळा मिलिमीटरचा कॅमेरा दोन महिन्यांसाठी उसना घेऊन. चावी द्यायचा कॅमेरा होता तो. एकदा चावी दिली की जेमतेम अर्धं मिनिट चाले आणि चालताना शिवणयंत्रासारखा वाजे. त्यामुळं आवाज वेगळा, स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर घ्यावा लागे. गोवा तेव्हा भाषेवरून पेटला होता. कोकणी की मराठी, यावरून भिंती रंगल्या होत्या. रस्त्यांवर झाडं आडवी पडत, बसगाड्या बंद होत, आणि वर्षानुवर्षं एकत्र चहा पिणारे लोक एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जात. अण्णा मराठीच्या बाजूच्या समितीत होते. आमच्या ओसरीवर रोज संध्याकाळी बैठक भरे आणि आई आतून चहाचे पेले पाठवत राही. मला त्या भांडणात रस नव्हता. मला माझा पहिला माहितीपट करायचा होता, आणि तो मुळगावच्या शेतांवर करायचा हे माझं ठरलं होतं.

शेतांच्या वरच्या डोंगरात लोखंडाची खाण होती. पावसाळ्यात तिथली माती ओहोळातून खाली येई आणि शेतात बसे. पाणी ओसरलं की ती तांबडी माती भाजल्या विटेसारखी घट्ट होई. भात उगवे, पण फुटवे धरत नसे. मावशीच्या शेतात हिवाळ्यातलं पीक, ज्याला आम्ही वायंगण म्हणतो, ते दोन वर्षं हाती लागलं नव्हतं. ज्या झरीवर ते पीक चाले ती झरही बारीक झाली होती. मी मावशीला विचारलं, कॅमेऱ्यासमोर बोलशील का. ती म्हणाली, यंत्राला कळत असेल तर बोलेन. आई माझ्या सोबतीला आली. बहिणीच्या घरी चार दिवस राहायला मिळणार म्हणून तिनं आदल्या दिवशीच खोबऱ्याच्या वड्या केल्या होत्या.

त्या चार दिवसांसारखे दिवस पुढं मला माझ्या कामात फारसे लाभले नाहीत. सकाळी मावशी शेताच्या मेरेवर चालत असताना मी चित्र घ्यायची. चावी संपली की ती थांबून विचारी, "मेलें तुजें यंत्र?" आणि पुन्हा चालू लागे. दुपारी पेज, तोराचं लोणचं खाऊन झालं की ती दारात पाय पसरून बसे, मी मायक्रोफोन तिच्यासमोर धरी, आणि ती बोले. आई आत भांडी घासत असे. चार दिवसांत पाच फिती भरल्या. पहिल्या दिवशी मी तिला सहज विचारलं की मावशी, तू बोलतेस ती मराठी की कोकणी? तिनं माझ्याकडं बघितलं, जणू मी काही तरी खुळ्यासारखं विचारलं होतं. "हांव उलयतां," ती म्हणाली. मी बोलते. झालं.

तिसऱ्या दिवशी तिनं ती गोष्ट सांगितली. आमच्याकडं चतुर्थीच्या सुमाराला भाताची नवी कणसं घरी आणतात, दाराला बांधतात, शेजारीपाजारी देतात. त्याला नवें म्हणतात. दोन वर्षांमागं तिच्या शेतात कणीसच धरलं नाही. तेव्हा तिनं केळीचं पान कापलं, शेतातली ती तांबडी माती पानावर वाढली, वर फुलं ठेवली, आणि ते पान दोन्ही हातांवर घेऊन डोंगर चढून खाणीच्या हपिसात गेली. शिपायाला वाटलं, प्रसाद आहे. त्यानं सोडली. आत मॅनेजर कागद वाचत होता. त्याच्या मेजावर, कागदांवरच, तिनं ते पान ठेवलं आणि म्हणाली, "घे, अवंदूचें नवें." यंदाचं नवं. मॅनेजर बाहेरचा माणूस, त्याला काही उमगेना. तो त्या मातीला हात जोडू लागला. इथं मावशीनं तो आत ओढलेला श्वास घेतला, आणि हसता हसता मध्येच तिचा आवाज फाटला. ती रडते आहे हे मला काही क्षणांनी कळलं. टेप फिरत होती. मायक्रोफोन मी तिच्या तोंडाशी तसाच धरला होता, आणि मनात म्हणत होते, हा माझा माहितीपट.

कॅमेरा परत द्यायला आणि चित्रं जुळवायला मी मुंबईला गेले तेव्हा त्या वर्गमित्राला मी फिती ऐकवल्या. त्यानं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाला, "बाई जबरदस्त आहे. पण इथं हे कळणार कुणाला?" मी त्याच्याशी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मी फिती लावल्या तेव्हापासूनच माझे कान तापले होते. मुंबईतल्या त्या खोलीत मावशीचं बोलणं मला एकदम खेडवळ वाटू लागलं. कुणी तरी मागून "म्हाका-नाका" म्हणेल की काय, असं. मी परत डिचोलीला आले आणि अण्णांना सांगितलं की निवेदन लिहावं लागेल. म्हणजे मावशीच्या बोलण्याच्या जागी एक आवाज सगळं समजावून सांगेल. ते लिहाल का?

अण्णांना किती आनंद झाला हे मला आजही दिसतं. आठ दिवस ते लिहीत होते. एकदा मी त्यांना चाचरत विचारलं, थोडं मावशीचं बोलणं तसंच ठेवलं तर? त्यांनी चष्मा काढला.

"सुलभा, रुक्मिणला लोकांपुढं अडाणी दाखवू नकोस. तिचं म्हणणं मोठं आहे, त्याला शोभेल अशी भाषा आपण देऊ," ते म्हणाले. मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि आजचे दिवसही बघ. तिचा आवाज तसा बाहेर गेला, तर उद्या तिला कोण कुठल्या बाजूला उभी करील सांगता येत नाही. तिला त्यात कशाला ओढायची?"

मजकूर सुरेख होता. आजही मी तो नावं ठेवायच्या इराद्यानं वाचायला घेते आणि दोन वाक्यांत थांबते. इतकं स्वच्छ मराठी आता कुणी लिहीत नाही. पण केळीच्या पानाची गोष्ट त्यात नव्हती. मॅनेजरपुढं माती वाढणं त्यांना बरं दिसेना. त्या जागी वाक्य होतं, "शेतकऱ्यांनी खाणव्यवस्थापनाचे लक्ष या प्रश्नाकडे वारंवार वेधले." मी ते वाचलं, आणि चालेल म्हणाले.

वाचन मीच केलं. जनेलांवर, म्हणजे खिडक्यांवर, गाद्या टांगल्या, आईला चुलीपाशी आवाज करू नको म्हणून सांगितलं, आणि टेपरेकॉर्डर लावला. तो मी मावशीच्याच फितींवर लावला. वाचताना जीभ अडखळे, मग पुन्हा पहिल्यापासून, फीत पुढं जाई. अशा तीन संध्याकाळी गेल्या आणि पाचही फिती माझ्या आवाजानं भरल्या. खालचं पुसलं जातं आहे हे मला माहीत होतं. मी तेच तर शिकून आले होते. कपाटात सहा कोऱ्या फिती होत्या. मुंबईत एकानं मला पुढच्या कामाचा शब्द दिला होता, त्यासाठी मी त्या राखून ठेवल्या होत्या. मावशीचं बोलणं झालं ते झालं, त्यातलं हवं ते मजकुरात उतरलं, असं मी स्वतःला समजावलं. समजावायलाही फार वेळ लागला नाही.

माहितीपट तयार झाल्यावर पहिल्यांदा दाखवला तो अण्णांच्या शाळेच्या सभागृहात. तिन्हीसांजेला बाकं सरकवून, पांढरी चादर ताणून. समितीची माणसं, शिक्षक, मुळगावची चारदोन कुटुंबं आली. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आईशेजारी पहिल्या रांगेत बसली होती. पडद्यावर तिचं शेत दिसलं तशी ती खुदकन हसली. मग तिचा चेहरा आला, मोठा, चादरभर. तिचे ओठ हलू लागले, हात हलू लागले, आणि सभागृहात माझा आवाज स्वच्छ, सावकाश मराठीत सांगू लागला. मी मागं यंत्रापाशी उभी होते. तिथून मला मावशीचं डोकं दिसत होतं. एकदा तिनं मान वळवून आईकडं पाहिलं, आईनं तिच्या हातावर हात ठेवला, आणि मग दोघी शेवटपर्यंत समोर बघत राहिल्या.

दिवे लागल्यावर लोक अण्णांभोवती जमले. भाषेची वाहवा झाली. मी चहाचा पेला घेऊन मावशीपाशी गेले. तिनं पेला घेतला, फुंकर घातली आणि हळूच विचारलं, ती बोलणारी बाई कोण गो? मी म्हटलं, मीच. "बरें उलयलें तुवें," ती म्हणाली. दोन घोट घेतले. मग म्हणाली, "मगीर तुवें म्हाका चार दीस कित्याक उलोवंक लायलें?"

मग तू मला चार दिवस कशाला बोलायला लावलंस? तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, मुंबईच्या लोकांना कळायला हवं ना, मावशी. तिनं मान हलवली. मुंबईच्या लोकांना कळायला हवं हे तिला पटलं असावं. ते पुस्तकी मराठी तिला सगळं लागलं नसावं. मग तिनं विचारलं, "म्हज्या नव्याचें सांगलें मूं?" त्या केळीच्या पानाचं सांगितलंस ना. मी म्हटलं, सांगितलं. ती बरं म्हणाली आणि पेला संपवला.

तो माहितीपट मुंबईत वाखाणला गेला आणि त्यामुळं मला पुढची कामं मिळाली. भाषेचा कायदा झाला, कोकणी राजभाषा ठरली, आमच्या ओसरीवरच्या बैठका थांबल्या. मग गोव्याचं वेगळं राज्य झालं, तेव्हा सुट्टीनंतर शाळा उघडताच त्यांनी पोरांना पेढे वाटले. मी आज वाळपईला, उद्या आणखी कुठल्या तरी गावात, कधी दिल्लीत, अशी फिरत राहिले. त्यानंतर मी तीस वर्षं माहितीपट केले आणि एकातही निवेदन घातलं नाही. माणसं बोलतात तशी बोलू दिली, खोकू दिली, अडखळू दिली. तरुण मुलं येऊन मला विचारतात की ही शैली तुम्हाला कुठं सापडली. मी काही तरी उत्तर देते.

राज्य झाल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात मावशी गेली. तापाचं निमित्त झालं. मी तेव्हा बाहेर होते, बाराव्याला पोचले. विधी आटोपून आम्ही तिघं डिचोलीच्या घरी परतलो. आईनं चहा केला नाही. ती ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिनं माझ्या कामातलं काही मागितलं. म्हणाली, तुझ्याकडं तिचं बोलणं आहे ना, ते लाव.

मी म्हटलं, ते आता नाही, आई. ती म्हणाली, तो माहितीपट नको मला, ते यंत्रात घेतलेलं तिचं बोलणं लाव. मी तिला सांगितलं की त्याच फितींवर माझं वाचन घेतलं, खालचं पुसलं गेलं. तिला ते चटकन कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. ती पदराचा काठ दुमडत बसली. मग म्हणाली, "ती म्हाका आपयता, तितलेंच आयकूंक जाय आशिल्लें."

ती मला हाक मारते, तेवढंच ऐकायचं होतं. तेव्हा मला आठवलं. मुळगावच्या त्या दुपारी मावशी बोलता बोलता मध्येच मान मागं टाकून ओरडायची, "गो द्वारके, उदक हाड!" "द्वारके, तो सात वर्सांचो दुकळ खंय पडिल्लो गो?" कधी पाणी आण, कधी तो सात वर्षांचा दुष्काळ कुठं पडला होता गं. आणि आई आतून उत्तर द्यायची. दर वेळी मी मनात चरफडत असे, कारण चांगलं वाक्य तुटे. वहीत मी त्या जागांपुढं "खराब" असं लिहिलं होतं. द्वारकी हे आईचं माहेरचं नाव. लग्नात अण्णांच्या घरच्यांनी ते बदलून शारदा ठेवलं होतं. मुळगावचे आजी-आजोबा कधीच गेले होते. त्या नावानं तिला हाक मारणारं मावशी सोडून कुणी उरलं नव्हतं.

अण्णा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आईला म्हणाले, "तिला बोल लावू नकोस. मजकूर माझा होता. मी नसता लिहिला, तर ते राहिलं असतं."

आईनं त्यांच्याकडं पाहिलं आणि ती उठून आत गेली. मी बोलायला हवं होतं. कोऱ्या फिती होत्या, अण्णांना त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं, त्यांनी फक्त मी मागितलेलं लिहून दिलं होतं, एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी पेटी उघडून कपडे काढत बसले.

अण्णा निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी आईला वर्तमानपत्र वाचून दाखवत. ती तांदूळ निवडत ऐके. त्या पावसाळ्यानंतर ते बंद झालं. भांडण झालं नाही, अबोला नव्हता. ती दोन वेळा वाढे, त्यांचं औषध वेळेवर देई. फक्त ते वर्तमानपत्र उघडून बसले, की तिला आत काही तरी काम निघे. पहिल्या पहिल्यांदा ते मोठ्यानं वाचत, मग आवाज उतरला, मग मनातल्या मनात वाचू लागले. सुट्टीला घरी आले की मी हे बघत असे. एकेका भेटीत ठरवी की उद्या सांगू, आणि दुसऱ्या दिवशी माझी बस असे. आई त्यांच्या आधी गेली.

शेवटच्या आजारात अण्णांना बोलायला धाप लागे. एका दुपारी मी त्यांना चमच्यानं पेज भरवत होते. त्यांनी हातानं चमचा थांबवला. मला वाटलं, पुरे झाली. पण ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "सुलभा, तेव्हा फिती कमी होत्या ना गो?"

त्यांच्या तोंडून आईच्या बोलीतला तो "गो" मी पहिल्यांदाच ऐकला. मी म्हटलं, "हो, अण्णा. कमी होत्या." त्यांनी मान हलवली, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.